मोडशी, चीक आणि फोर्ट विल्यम

मराठी वाचकाला फोर्ट विल्यम हे नाव ठाऊक असते ते भाषेच्या इतिहासातून. १८०० साली कलकत्त्यात कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांसाठी फोर्ट विल्यम कॉलेज निघाले. तिथे विल्यम केरी बंगाली आणि संस्कृत शिकवत असे; पुढे मराठीही शिकवू लागला. वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्याने मराठीचे व्याकरण रचले, ते १८०५ साली छापून निघाले. १८१० साली त्याचा मराठी कोश आला. आपल्या छापील गद्याची हकीकत सांगताना म्हणूनच या नावापाशी थांबावे लागते. कॉलेज मात्र नावापुरतेच किल्ल्याचे होते. त्याचे वर्ग तटाच्या आत भरत नसत. खरा किल्ला हुगळीच्या काठी, मैदानाला लागून, आजही उभा आहे. लष्कराच्या पूर्व विभागाचे मुख्यालय तिथे आहे, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सिंधुदुर्गातल्या आपल्या विजयदुर्गावरून त्याला विजयदुर्ग हे नाव देण्यात आले.

या किल्ल्याची आणखी एक ओळख आहे, आणि तिचाही मराठी मुलखाशी संबंध आहे. कंपनी सरकारच्या हुकुमांवर ठिकाण म्हणून ‘फोर्ट विल्यम’ लिहिलेले असे. त्या पत्त्यावरून १८१७ नंतर जो कागदांचा ढीग निघू लागला, त्यातला मोठा भाग एका आजाराबद्दल होता. तो आजार म्हणजे पटकी, कॉलरा. हा आजार माणसाला नेमका कसा मारतो, याचे उत्तर मिळायला पुढे सुमारे दीडशे वर्षे लागली, आणि ते मिळाले कलकत्त्यातच. ते मिळाल्यावर लक्षात आले की अशा विषापासून तान्ह्या जिवाचे रक्षण करणारी एक गोष्ट घराघरात होती. अनेक घरांत ती पहिल्याच दिवशी पिळून टाकून दिली जात होती. ती म्हणजे आईचा चीक.

*

आजार जुना आहे, आणि त्याचे एक जुने नाव आपल्याच भाषेतले आहे. गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ १५६३ साली छापला गेला. त्यात तो सांगतो की इथले लोक या आजाराला ‘मोर्शी’ म्हणतात आणि आम्ही त्याचे ‘मोर्देशी’ केले आहे. त्याआधी वीस वर्षे, १५४३ मध्ये, गोव्यात अशाच आजाराची मोठी साथ आल्याची नोंद गास्पार कोरेया याने केली आहे. हा ‘मोर्शी’ म्हणजे मराठी-कोंकणीतली मोडशी. शब्द ‘मोडणे’पासून आला: अंग मोडते, हातापायांत गोळे येतात, माणूस मोडून पडतो. फ्रेंचांनी याच शब्दाचे ‘मोर द शियां’ केले. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ होतो कुत्र्याचे मरण. कोंकणातल्या शब्दाला युरोपात असा भलताच अर्थ चिकटला, पण ज्यांनी तो आजार पाहिला होता त्यांना तो चुकीचा वाटला नसणार.

आज मोडशी म्हटले की आपल्याला साधे अजीर्ण आठवते, पावसाळ्यातली पोटाची तक्रार. शब्दाची धार बोथट झाली, कारण मोठ्या साथीला लोकांनी वेगळी नावे दिली: पटकी, वाखा, महामारी. आणि त्या नावांमागे देवी आली, मरीआई, जरीमरी. गावाच्या वेशीवर तिची ठाणी आहेत, आणि साथ आली की तिचा गाडा पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत पोचवण्याची रीत होती. या रीतीत एक निरीक्षण दडलेले आहे: आजार गावावरून गावाला जातो, वाटेने जातो.

१८१७ साली तो वाटेनेच आला. ऑगस्टमध्ये बंगालमधल्या जेसोरला साथ उसळली आणि थोड्याच दिवसांत कलकत्ता तिच्या तडाख्यात सापडले. त्याच सुमारास गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज पेंढाऱ्यांच्या बंदोबस्तासाठी मोठी फौज घेऊन बुंदेलखंडात उतरला होता. नोव्हेंबरात त्या छावणीत पटकी शिरली. सैनिक, नोकर, बाजारबुणगे यांचे मुडदे वाटेवर पडले आणि तळ हलवून बेतवेकडे जावे लागले. याच नोव्हेंबरच्या ५ तारखेला खडकीची लढाई झाली. १८१८च्या १ जानेवारीला कोरेगावची. पेशवाई बुडाली त्याच वर्षी, फौजांच्या आणि व्यापाऱ्यांच्या मागोमाग, पटकी दख्खनेत पसरली आणि पावसाळ्यात मुंबईत पोचली. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. ज्या माणसांनी ते वर्ष काढले त्यांच्यासाठी त्या एकाच वर्षातल्या होत्या.

बंगालच्या मेडिकल बोर्डाचा चिटणीस जेम्स जेम्सन याने ठिकठिकाणच्या सर्जनांची उत्तरे गोळा करून १८२० साली साथीचा अहवाल छापला. उपाय म्हणून त्या काळी कॅलोमेल म्हणजे पाऱ्याचे क्षार, अफूचा अर्क आणि शिरेतून रक्त काढणे हे चालत असे. ज्याच्या अंगातले पाणी संपत आले आहे त्याचे रक्त काढायचे. पण आजार कुठे बसला आहे हेच ठाऊक नसेल तर उपाय योग्य जागी कसा पोचणार?

*

पुढची सत्तर वर्षे वाद चालला तो आजार हवेतून येतो की पाण्यातून, यावर. फोर्ट विल्यम या वादात साक्षीदार म्हणून वारंवार उभा केला गेला. हिंदुस्थानातल्या गोऱ्या पलटणींची वार्षिक मृत्युसंख्या हजारी ६९ असल्याचे १८६३च्या शाही आयोगाच्या अहवालात निघाले. त्यात लढाईपेक्षा ताप, हगवण आणि पटकी यांचाच वाटा मोठा होता. त्यानंतर बराकी सुधारल्या, सांडपाण्याची सोय झाली, आणि किल्ल्याला चांगले पाणी मिळू लागले. १८७०च्या सुमारास पलत्याहून गाळलेले पाणी कलकत्ता शहरालाही येऊ लागले. किल्ल्यात पटकीचे प्रमाण घटले, यावर दोन्ही पक्षांचे एकमत होते. पाण्याचा पक्ष म्हणे, पाणी शुद्ध झाले म्हणून घटले. म्युनिकचा पेटेनकोफर आणि त्याच्या मताचे लोक म्हणत, जमीन कोरडी आणि स्वच्छ झाली म्हणून घटले.

डिसेंबर १८८३ मध्ये रॉबर्ट कॉख इजिप्तहून कलकत्त्याला आला. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयातली प्रेते तपासून, आतड्यातून स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू त्याने वेगळा काढला, आणि तोच जंतू एका वस्तीतल्या तळ्याच्या पाण्यातही त्याला सापडला. पाण्याच्या पक्षाला याहून मोठा पुरावा कोणता हवा? पण कॉखपुढे एक कोडे उरले. जंतू आतड्यातच राहत होता. रक्तात, काळजात, मूत्रपिंडात तो सापडत नव्हता. मग आतड्यात बसलेला जंतू अख्खा माणूस काही तासांत कसा मारतो? कॉखचे अनुमान होते की तो विष सोडत असावा. अनुमान बरोबर होते, पण ते विष हाती लागेना.

१८९२ हे साल या बाबतीत मोठे विलक्षण आहे. कॉखच्याच संस्थेतल्या रिचर्ड फायफर याने दाखवले की पटकीचे जंतू मारून टाकले तरी त्यांची मढी गिनीपिगला विषारीच ठरतात. विष जंतूच्या देहातच आहे. त्याला त्याने ‘एंडोटॉक्सिन’, अंतर्विष, असे नाव दिले. हे विष खरे होते. आतड्यातल्या कितीतरी जंतूंच्या कवचात ते असते आणि आतड्याचे अस्तर फाटले, सैल झाले की रक्तात उतरून घात करते. पण पटकीतल्या त्या पाण्यासारख्या जुलाबांचे कारण ते नव्हते. पुढची कित्येक दशके संशोधक चुकीच्या विषामागे धावले. त्याच वर्षी ऑक्टोबरात पेटेनकोफरने आपले म्हणणे सिद्ध करायला पटकीच्या जंतूंचे पाणी सर्वांदेखत प्यायले आणि थोड्या जुलाबांवर त्याची सुटका झाली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये वाल्डेमार हाफकिन याने पटकीची लस स्वतःला टोचून पाहिली. दोन वर्षांनी कलकत्त्याच्या वस्त्यांमधून तो ती लोकांना टोचत होता. पुढे प्लेगच्या निमित्ताने तो मुंबईला आला, आणि परळच्या संस्थेला आज त्याचे नाव आहे. त्याची लस त्वचेखाली टोचायची होती. तिचे संरक्षण अपुरे आणि थोड्या काळाचे ठरले. पहारा रक्तात बसला होता, आणि चोर रक्तात येतच नव्हता.

त्याच १८९२ साली बर्लिनमध्ये पाउल एर्लिख उंदरांवर एक साधा प्रयोग करत होता. एका मादीला एरंडाच्या बियांतले विष थोडे थोडे देऊन त्याने तिच्यात प्रतिकार तयार केला. मग तिची पिल्ले साध्या मादीला आणि साध्या मादीची पिल्ले तिला पाजायला दिली. प्रतिकार असलेल्या मादीचे दूध प्यालेली परकी पिल्लेही त्या विषापासून वाचली. विषावरचा उतारा दुधातून जातो हे त्यामुळे सिद्ध झाले. पटकीच्या अभ्यासकांनी मात्र ही गोष्ट आपल्या कामाची म्हणून उचलली नाही. कशी उचलणार? दूध आतड्यात जाते, आणि विष आतड्यात काम करते हे अजून कोणी दाखवलेलेच नव्हते.

*

ते दाखवले शंभूनाथ दे यांनी. हुगळी जिल्ह्यातल्या गरीबाटी गावी १९१५ साली जन्मलेले दे कलकत्ता मेडिकल कॉलेजात शिकले, लंडनला जाऊन विकृतिशास्त्राची पीएच.डी. घेऊन आले आणि कलकत्त्याच्या नीलरतन सरकार मेडिकल कॉलेजात काम करू लागले. साधने बेताची होती. प्रश्न मात्र त्यांनी नेमका विचारला. जंतू आतड्यात राहतो, जुलाब आतड्यातून होतात, तर जंतू दंडात, पोटाच्या पोकळीत किंवा शिरेत टोचून काय कळणार? १९५३ साली त्यांनी आणि चॅटर्जींनी सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा आत जागच्या जागीच दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधला, त्यात पटकीचे जंतू सोडले आणि दुसऱ्या दिवशी पोट उघडून पाहिले. तो तुकडा पाण्याने टम्म फुगला होता, आणि पाणी होते तांदळाच्या धुवणासारखे, हुबेहूब पटकीच्या रोग्याचे.

१९५६ साली त्यांनी दाखवले की जुलाबाच्या रोग्यांत सापडणारे काही ‘ई. कोलाय’ जंतूही हेच करतात. मग १९५९ साली जंतूंची वाढ गाळून, एकही जंतू उरणार नाही असे नुसते पाणी त्यांनी त्या बांधलेल्या आतड्यात सोडले. आतडे तसेच फुगले. म्हणजे विष जंतूच्या मढ्यात नव्हते. जिवंत जंतू ते बाहेर सोडत होता, आणि ते आतड्याच्या अस्तरावरच काम करत होते. ‘नेचर’च्या मे १९५९च्या अंकात छापलेल्या या छोट्या टिपणाने कॉखचे पंच्याहत्तर वर्षांपूर्वीचे अनुमान खरे ठरवले. कॉख जिथे अडला होता त्याच शहरात ते खरे ठरले.

त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्ता, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांनी वेगळ्या वाटेने त्याच मुक्कामाकडे पाऊल टाकले. दत्तांनी सशाची दूधपिती पिल्ले प्रयोगाला घेतली होती, कारण मोठ्या सशाला जंतू पाजून पटकी होत नाही, पिल्लाला होते. पिल्लांना जंतूंचे विष तोंडावाटे दिले तरी पटकीसारखे जुलाब होतात, असे या तिघांनी दाखवले. हाफकिनची लस ज्या दोन शहरांत राबली, त्याच दोन शहरांनी त्या लसीचा पहारा कुठे चुकला हे सांगितले.

दे यांना हयातीत देशाने फारसे ओळखले नाही. १९७३ साली ते निवृत्त झाले. १९७८ साली स्टॉकहोमला पटकीवरच्या नोबेल परिसंवादाचे निमंत्रण त्यांना आले तेव्हा इथल्या अनेकांना हे गृहस्थ कोण, हे विचारावे लागले असेल. जोशुआ लेडरबर्ग यांनी नोबेलसाठी त्यांचे नाव सुचवले होते. १९८५ मध्ये ते गेले. तोपर्यंत त्यांच्या विषाची सगळी रचना उलगडली होती. त्याचे पाच भाग मिळून एक कडे बनते. ते आतड्याच्या पेशीवरच्या एका विशिष्ट स्निग्ध रेणूला घट्ट धरते, आणि सहावा भाग पेशीत शिरून तिचा क्षार आणि पाणी सोडण्याचा नळ उघडा ठेवतो. मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणीही जाऊ शकते. अस्तर फाटत नाही, सडत नाही. फक्त नळ बंद होत नाही. म्हणूनच मीठ-साखरेचे पाणी पाजत राहिले तर माणूस वाचतो. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत दिलीप महालनबीस यांनी हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवले. जिथे रोग्यांपैकी तीस टक्क्यांच्या आसपास दगावत होते, तिथे हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले.

*

विष आतड्याच्या अस्तराला चिकटून काम करते, हे एकदा कळल्यावर चिकाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. विष चिकटण्याआधीच त्याला आतड्याच्या पोकळीत कोणी पकडले, तर आजार होणार नाही. असे पकडणारे प्रतिपिंड आईच्या दुधात असतात हे स्वीडनच्या लार्स हॅन्सन यांनी १९६१च्या सुमारास दाखवले. हे प्रतिपिंड खास प्रकारचे असतात. पोटातल्या पाचकरसाने ते सहजी मोडत नाहीत, आणि रक्तात न शिरता आतड्याच्या आतल्या बाजूवरच थांबतात. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन-चार दिवसांच्या दाट, पिवळसर दुधात, म्हणजे चिकात, त्यांचे प्रमाण नंतरच्या दुधापेक्षा कितीतरी जास्त असते. चीक थोडाच येतो, आणि म्हणूनच आजीबाईंना वाटते की अजून दूध उतरले नाही.

या गोष्टीची परीक्षा झाली ती बंगालच्याच मातीत. ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्रातल्या रॉजर ग्लास आणि सहकाऱ्यांनी पटकीच्या रोग्यांच्या घरांतल्या अंगावर पाजणाऱ्या आया आणि त्यांची मुले यांचा अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध केला. ज्या आयांच्या दुधात पटकीच्या विषाविरुद्ध आणि जंतूच्या कवचाविरुद्ध प्रतिपिंड जास्त होते, त्यांच्या मुलांच्या आतड्यातही जंतू गेला होता. दूध जंतूला अडवू शकले नव्हते. पण जंतू पोटात असूनही ती मुले आजारी पडण्याचे प्रमाण कमी होते. जंतू आत होता आणि रोग नव्हता. देंच्या गाळलेल्या पाण्याने जे सांगितले, त्याची ही दुसरी बाजू आहे.

इथे जुन्या कलकत्त्याची एक रीत आठवते. इंग्रज घरांतल्या बाळांना पाजायला इथली दाई ठेवत, आणि तिचे दूध, तिची जात, तिची स्वच्छता यांबद्दल मडमांच्या मनात सतत शंका असे. ढाक्याच्या अभ्यासाच्या उजेडात पाहिले तर चित्र उलटे दिसू लागते. पटकीच्या मुलखात वाढलेल्या त्या बाईच्या अंगी या जंतूची ओळख असण्याचा संभव, नुकत्याच जहाजातून उतरलेल्या मडमेपेक्षा कितीतरी अधिक होता.

चिकाबद्दलचा संशय मात्र फक्त इथला नाही. ग्रीक वैद्य सोरेनस यानेही आईचे सुरुवातीचे दूध बाळाला देऊ नये असे सांगितले होते. विल्यम कॅडोगनने १७४८ साली त्याविरुद्ध लिहिले तेव्हा ते नवे वाटले. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत स्त्रीला दूध तिसऱ्या-चौथ्या रात्री येते असे म्हणून तोवर मध-तूप चाटवायला सांगितले आहे. चरकात मध-तुपानंतर पहिल्याच दिवशी स्तनपान आहे. लोकरीतीने बहुतेक ठिकाणी सुश्रुताचा धागा धरला. बंगालीत चिकाला ‘शालदूध’ म्हणतात. तिथेही ते पिळून टाकण्याची रीत होती, जशी आपल्याकडे होती.

गंमत अशी की शब्दांनी हे आधीच ओळखले होते. अमृताला आपण पीयूष म्हणतो; अमरकोशात त्या शब्दाचा अर्थ नव्याने व्यालेल्या गाईचे दूध असाही आहे. मनुस्मृतीत मात्र गाईचे हे दूध वर्ज्य सांगितले आहे, आणि व्याल्यापासून दहा दिवसांच्या आतले दूधही. कारण काहीही असो, त्या नियमाने वासराचा वाटा राखला जात असे. महाराष्ट्राने हा नियम कधी मनावर घेतला नाही. शेजारी गाय-म्हैस व्याली की तांब्याभर चीक येतो, त्यात गूळ किंवा साखर, वेलची घालून तो वाफवला जातो, आणि खरवसाच्या वड्या पडतात. पहिल्या दिवसाचा चीक सर्वांत घट्ट जमतो हे घरातल्या बाईला ठाऊक असते. ती जे सांगते त्याचे कारण हेच, की त्या चिकात प्रथिने भरपूर असतात आणि त्यांतली मोठी रास प्रतिपिंडांची असते. उष्णतेने ती गोठतात. खरवस जमतो तेव्हा चिकाचे राखणदार कामातून गेलेले असतात. खरवस पौष्टिक आहे, चविष्ट आहे. पण त्याने कोणाचे विषापासून रक्षण होत नाही.

वासराचे मात्र चिकावाचून चालतच नाही. माणसाच्या बाळाला वारेतून आईचे काही प्रतिपिंड रक्तात मिळालेले असतात. गाईची वार ते जाऊ देत नाही. वासरू जन्मते ते रिकाम्या रक्ताने. पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला तर त्याचे आतडे ते प्रतिपिंड सगळेच्या सगळे रक्तात घेते. दिवसभरात ती वाट बंद होते. अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल यांनी १९२२ साली दाखवले की चीक न मिळालेली बहुतेक वासरे आतड्यातल्याच जंतूंनी मरतात. आपला गोठेवाला वासराला आधी पाजून मग तांब्या पुढे करतो, तेव्हा तो हेच शास्त्र पाळतो.

*

मग गाईचाच चीक माणसाला औषध म्हणून दिला तर? हा प्रश्न १९८०च्या दशकात नेटाने विचारला गेला. गाईंना पटकीच्या विषाची लस टोचून, त्यांच्या चिकातले त्या विषाविरुद्धचे प्रतिपिंड वेगळे काढून मॅक्लीड, बटलर आणि रब्बानी यांनी ते पटकीच्या रोग्यांना पाजून पाहिले. १९८८ साली प्रसिद्ध झालेला निकाल निराशेचा होता: जुलाब कमी झाले नाहीत. त्याच वर्षी अमेरिकेत कॅरल टॅकेट आणि सहकाऱ्यांनी दुसरा प्रयोग प्रसिद्ध केला. तिथे देंच्या १९५६च्या शोधातल्या ई. कोलायच्या जातीचे जंतू निरोगी स्वयंसेवकांना पाजले होते, आणि काहींना लस टोचलेल्या गाईंच्या दुधातले प्रतिपिंड आधीपासून दिले होते. प्रतिपिंड मिळालेल्या दहांपैकी एकालाही जुलाब झाले नाहीत. ज्यांना ते मिळाले नव्हते त्या दहांपैकी नऊ जणांना झाले.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की विसंगती राहत नाही. पटकीचा रोगी रुग्णालयात येतो तेव्हा विष पेशीला चिकटून आत गेलेले असते. तिथे प्रतिपिंड पोचत नाही. तिथे मीठ-साखरेचे पाणीच हवे. स्वयंसेवकांच्या पोटात प्रतिपिंड आधी हजर होते. चीक हा उतारा नव्हे, पहारा आहे; तो आधी बसावा लागतो. आणि तो नेमक्या ओळखीच्या चोराला पकडतो, म्हणजे गाईला ज्या विषाची लस टोचली त्याच विषाला. हल्ली साध्या चिकाची पूड डब्यांत आणि गोळ्यांत भरून ‘आतड्यातली सगळी विषे’ घालवण्यासाठी विकली जाते. टॅकेट यांच्या प्रयोगाचा आधार तिला आपोआप मिळत नाही, कारण ती पूड ज्या गाईची असते तिला त्या जंतूंची लस टोचलेली असतेच असे नाही.

आईच्या चिकाचे मोल इथेच वेगळे ठरते. आई ज्या घरात राहते, ज्या विहिरीचे किंवा नळाचे पाणी पिते, त्याच घरात तिचे बाळ वाढणार असते. तिच्या आतड्याने ज्या जंतूंना आणि विषांना ओळखले, त्यांच्याविरुद्धचे प्रतिपिंड तिच्या चिकात उतरतात. कोणत्याही कारखान्याला ही स्थानिक माहिती नसते. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुधाची पेढी सुरू केली, ती आशियातली पहिली मानली जाते. धारावीला लागून असलेल्या रुग्णालयात ती सुरू व्हावी यात अर्थ आहे. ज्या वस्तीत पाण्याचा भरवसा कमी, तिथे चिकाची गरज जास्त.

जन्मानंतर तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ४१.८ टक्के मुलांच्या बाबतीत तसे झाल्याचे आढळले. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ४१.६ होता. दरम्यानच्या काळात रुग्णालयात होणारी बाळंतपणे पुष्कळ वाढली, तरी हा आकडा जागचा हलला नाही. म्हणजे आजीबाईंच्या माथी सगळा दोष मारता येणार नाही. शस्त्रक्रियेनंतर आईपासून दूर ठेवलेले बाळ, वरच्या दुधाची बाटली, घाईत असलेला प्रसूतिकक्ष हेही त्यात आले.

फोर्ट विल्यमच्या सरकारने पटकीविरुद्ध सैनिकांच्या बराकी हलवल्या, नळ घातले, यात्रांवर पहारे बसवले. त्यातले पाण्याचे काम खरोखर उपयोगी पडले आणि आजही सर्वांत आधी तेच करायला हवे. शंभूनाथ देंनी सशाच्या आतड्याला दोन गाठी मारून विषाची जागा दाखवली. त्या जागेवर पहिला पहारा बसवायला ना किल्ला लागतो, ना कारखाना. बाळंतिणीच्या खोलीत जे कोणी असेल त्याने पहिल्या तासात बाळ तिच्या कुशीत द्यावे, आणि थोडासाच आलेला पिवळा चीक पिळून टाकू देऊ नये, एवढेच लागते.